दावं तोडणाऱ्याचे मार्क

बाबा दूध डेअरीवर सगळ्यांना सांगायचे, "आमची वर्षा अमेरिकेच्या खेळाडूंला मार्क देती." त्यावर आमचे चुलते, अंबादासकाका, कॅन खाली ठेवून विचारायचे, "अन् तिला सोताला गणितात किती पडले व्हते?" लोक हसायचे. बाबाही हसायचे.

गणितात मला बरे पडले होते. पण काकांचं अगदीच खोटं नव्हतं. ज्या खेळाला मी मार्क द्यायचे तो मी कधी खेळले नाही. त्याचा चेंडू कधी हातात धरला नाही. तरीही मी म्हणते, मी मार्क बरोबर देत होते. मला हे नीट मांडता येईल की नाही, माहीत नाही. याआधी मी परीक्षेच्या पेपराशिवाय एवढं मोठं काही लिहिलेलं नाही. पण कोणीतरी विचारलं, लिही म्हणाले, तर ही एक गोष्ट मला सांगायचीच आहे.

आमचं गाव पिंपळगाव रेणुकाईच्या पुढं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. जालन्याला बीएस्सीला प्रवेश घेतला आणि पहिल्याच वर्षी ही नोकरी लागली. कार्यालय जुन्या जालन्यात, कापडाच्या ठोक दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. दुकान पवनभैयांच्या घरचं. त्यांचे आजोबा, वडील, काका खाली गादीवर बसत आणि पवनभैयांनी वरच्या मजल्यावर, जिथं आधी कापडाचे गठ्ठे असत, तिथं संगणक मांडले होते. खालून कोऱ्या कापडाचा वास वर यायचा. अमेरिकेतली एक कंपनी सामन्यांचे व्हिडिओ पाठवायची आणि आम्ही ते बघून प्रत्येक चालीची नोंद करायचो, मार्क द्यायचो. ते मार्क पुढं कोण वापरतं, हे आम्हाला कोणी नीट सांगितलं नाही. कोणी म्हणे वर्तमानपत्रवाले, कोणी म्हणे संघवाले, सोपान म्हणे, "तिकडं बी लोक डेअरीवर बसून वाद घालत असतील, त्यायला लागत्यात."

खेळ असा. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. चेंडू गोल नसतो, कच्च्या पपईसारखा दोन्ही टोकांना निमुळता असतो. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांना दहा यार्ड पुढं सरकायला चार संधी. सरकले तर पुन्हा चार, नाहीतर चेंडू समोरच्यांना. बहुतेक वेळा चेंडू आधी एका माणसाच्या हातात येतो. तो क्वार्टरबॅक. चेंडू शेजारच्याला द्यायचा, पुढं पळालेल्या गड्याकडे फेकायचा, की स्वतःच घेऊन पळायचं, हे त्यानं दोन-तीन सेकंदांत ठरवायचं. त्याच्या पुढं पाच धिप्पाड माणसं भिंत करून उभी राहतात आणि समोरचे तितकेच धिप्पाड गडी ती भिंत फोडून त्याला पाडायला बघतात.

भिंतीच्या आतल्या जागेला पॉकेट म्हणतात. आमच्याकडे तिला गोठा म्हणायचे. काही क्वार्टरबॅक गोठ्यात निवांत उभे राहून चेंडू फेकतात. काही मात्र दावं तोडून पळतात. उभ्या राहणाऱ्याला मार्क देणं त्या मानानं सोपं असतं. दावं तोडणाऱ्यानं आमच्या डोक्याला ताप दिला आणि माझी नोकरीही त्याच्यापायीच गेली.

मार्क वजा दोनपासून अधिक दोनपर्यंत. शून्य म्हणजे करायला हवं होतं ते केलं, बास. शाळेत शून्य म्हणजे नापास आणि इथं शून्य म्हणजे ठीक, हे बाबांना शेवटपर्यंत पटलं नाही. आणि मुख्य म्हणजे, निकाल बघून मार्क द्यायचे नाहीत. चेंडू झेलला गेला म्हणून फेक चांगली ठरत नाही आणि हातातून निसटला म्हणून वाईट ठरत नाही. त्या क्षणी त्या माणसाला काय दिसत होतं आणि त्यानं काय ठरवलं, याचे मार्क.

आता पळणाऱ्याचं बघा. भिंत फुटली आणि तो निसटला तर शाबासकी. पण पुष्कळदा भिंत शाबूत असते, हाच चेंडू कवटाळून उभा राहतो, इतका वेळ की कुठलीही भिंत फुटेल. मग चार जण अंगावर येतात, हा त्यांना गुंगारा देऊन बाहेर पडतो आणि प्रेक्षक त्याला डोक्यावर घेतात. स्वतःच विहिरीत उडी मारायची, स्वतःच पोहून वर यायचं, याचे मार्क द्यायचे की कापायचे? यावर आमच्याकडे चहा गार व्हायचा.

कार्यालयात दोन पायऱ्या होत्या. खालची नोंदणीची. चाल कधी सुरू झाली, कधी संपली, कोण कुठं उभा, एवढंच लिहायचं. वरची परीक्षकाची, मार्क देण्याची. परीक्षकाला सकाळची पाळी आणि नोंदणीला दुपारची. माझी प्रॅक्टिकल दुपारी असायची. पहिलं वर्ष मी नोंदणीत काढलं आणि त्या वर्षी प्रॅक्टिकलला जेमतेम निभावले. परीक्षक झाले तेव्हा कुठं कॉलेज नीट सुरू झालं. हे सांगते आहे कारण पुढं जे झालं त्यात माझं काय पणाला लागलं होतं ते कळावं.

परीक्षकांत सगळ्यात जुना सोपान. बदनापूरकडचा, गावाकडं कबड्डीत चढाई करणारा. खरं तर आमच्यातले बरेच जण कबड्डीतलेच. मीसुद्धा शाळेच्या संघात होते, पण चढाईला नाही, कोपऱ्याला. कोपऱ्यावरच्यानं चढाई करणाऱ्याच्या डोळ्यांकडं आणि पायांकडं बघायचं असतं, बाकी तो काय नाचतो याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

आणि याच कबड्डीनं आमचा घात केला. झालं असं की, कोणी क्वार्टरबॅक दावं तोडून निघाला, एकाच्या हातातून सुटला, दुसऱ्याला चुकवला, तिसऱ्याच्या डोक्यावरून गेला, की आमचं अख्खं कार्यालय खुर्चीतून उठायचं. "गेला, गेला, सुटला!" सोपान मांडीवर थाप मारायचा आणि अधिक दोन दाबायचा. कबड्डीत कसं असतं, चढाईवाला एकटा असतो. जिवंत परत आला यातच सगळं आलं. त्याचे बाकीचे सहा जण मागं उभे राहून बघतात. त्यामुळं आमच्यातल्या कोणालाच हे सुचलं नाही की या खेळात तो एकटा नाही. तो इकडं तिघांना चुकवून दोन यार्ड कमावत असताना, तिकडं मैदानाच्या दुसऱ्या टोकाला त्याचाच एक गडी हात वर करून मोकळा उभा असायचा. त्याच्याकडं चेंडू फेकला असता तर अख्खं मैदान मोकळं होतं.

तो हात वर केलेला माणूस आम्हाला दिसायचाच नाही, कारण आम्ही टीव्हीवरचा व्हिडिओ बघायचो. कॅमेरा चेंडूच्या मागं धावतो, चेहरे दिसतात, मजा येते. उंचावरून घेतलेला दुसरा व्हिडिओही कंपनी पाठवायची, त्यात बावीसच्या बावीस माणसं मुंग्यांएवढी दिसतात. तो कोणी उघडत नव्हतं.

उलटही व्हायचं. एकदा एका क्वार्टरबॅकनं, कोणीच मोकळं नाही असं बघून, चेंडू सरळ प्रेक्षकांकडं भिरकावला, म्हणजे एक संधी गेली, पण चेंडू समोरच्यांच्या हाती लागला नाही. सोपाननं वजा दोन दिले.

"का रे?" मी विचारलं.

"भ्याला न्हाई का! असं कुठं असतंय? चेंडू लोकायत फेकून देल्ला."

"सोपानभाऊ, तू गडी न मारता रिकामी चढाई करून परत येतो तवा भितो का?"

तो म्हणाला, "त्ये येगळं." पण शून्य केलं त्यानं.

तेव्हापासून मी आधी मुंग्यांचा व्हिडिओ उघडायला लागले. आणि मला एक गोष्ट दिसायला लागली. पळणाऱ्यांतही दोन जाती आहेत. एक जण दावं तोडलं की मान खाली घालतो, समोरच्या जागेकडं बघतो आणि सुटतो. दुसरा पळताना मान वर ठेवतो. पाय पळत असतात आणि डोळे लांबच्या गड्यांवर असतात. हा शेवटच्या क्षणापर्यंत चेंडू फेकू शकतो. समोरच्यांनाही ते माहीत असतं, म्हणून ते ना पुढं येऊ शकत, ना मागं राहू शकत. मी मार्क द्यायचे ते डोळ्यांवरून. मान खाली असेल तर कितीही जणांना चुकवू दे, शून्य किंवा वजा. मान वर असेल, सगळ्या गड्यांकडं बघून झालं असेल, कोणीच मोकळं नसेल आणि मग पळाला असेल, तर अधिक.

असा मान वर ठेवून पळणारा एक होता. आम्ही त्याला टिटवी म्हणायचो. थोडं पळायचा, थबकायचा, बघायचा, पुन्हा पळायचा. "आज टिटवी आली का?" असं एकमेकांना विचारत आम्ही यादी उघडायचो. त्याचे सामने बहुतेक माझ्याकडं यायचे. त्याला मी भरमसाट मार्क दिले असं कोणी म्हणू नये. त्यानं मोकळा गडी सोडला तेव्हा मी कापलेले आहेत. पण त्याचा हिशोब अधिकात होता.

मग एक दिवस कंपनीनं आमचे मार्क त्यांच्या माणसांच्या मार्कांशी ताडून बघितले. आमचं कार्यालय पळणाऱ्यांना फारच उदार आहे असं निघालं. ते खरंच होतं. चूक आमचीच होती. पण तिकडून जे फर्मान आलं ते असं: यापुढं भिंत शाबूत असताना क्वार्टरबॅकनं जागा सोडली, तर काहीही झालं तरी वजा एक. डोळे बघायचे नाहीत, मोकळा गडी होता की नव्हता बघायचं नाही. आणि मागचे सगळे सामनेही याच नियमानं पुन्हा तपासायचे.

मी पवनभैयांच्या टेबलाशी गेले. मला मोठ्या माणसांपुढं बोलायची सवय नाही. आधी दोनदा पाणी प्यायले.

"भैया, याच्यात टिटवी तळाला जाईल."

"जाऊ दे ना. आपला काय लागतो तो?"

"पण बहुतेक वेळा कोणीच मोकळं नसतंय. त्यानं उभं राहून काय करावं? मार खावा?"

"वर्षा, सुन." पवनभैया रागावले की त्यांच्या बोलण्यात हिंदी जास्त येते. "खाली दुकानात गिऱ्हाईक म्हणतं, मला हा रंग पाहिजे. मी म्हणतो का, भाऊ, तुला हा बराबर दिसत न्हाई? मी फाडतो अन् देतो. ते गिऱ्हाईक आहेत. काम दुसरीकडं गेलं तर ह्या पोरायचं काय करू मी?"

त्यांचंही खरं होतं. वर वीसेक पोरं-पोरी बसत होती. मी म्हणाले, "एकदा त्यांच्याशी बोलू द्या मला."

भैयांनी बोलू दिलं, हे मी मानते. दुसरा कोणी असता तर हसला असता. व्हिडिओ कॉलवर तिकडचे एक साहेब होते, सभ्य होते, त्यांनी माझं मोडकंतोडकं इंग्रजी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मी तीन चाली दाखवल्या. मग त्यांनी विचारलं, तुम्ही कधी हा खेळ खेळला आहात का?

काकांचाच प्रश्न. मी म्हणाले, नाही. ते म्हणाले, ठीक आहे, पण डोळ्यांवरून मार्क द्यायला लागलो तर प्रत्येकाला वेगळं दिसेल. सगळ्यांना सारखं दिसेल असाच नियम लागतो. धन्यवाद. आणि पडदा काळा झाला.

त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. सगळ्यांना सारखं दिसायला हवं, हे मलाही कळतं. पण सारखं दिसावं म्हणून जे दिसतं तेच झाकायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

पवनभैयांनी मला दोन वाटा सांगितल्या. एकतर मीच टिटवीचे सगळे सामने नव्या नियमानं तपासायचे. नाहीतर परीक्षकाची खुर्ची सोडून दुपारच्या पाळीला नोंदणीत जायचं. प्रत्येक मार्काखाली परीक्षकाचा क्रमांक जातो. नवे मार्कही माझ्याच क्रमांकानं जाणार होते.

सोपान म्हणाला, "ताई, दाब ना वजा. मी बी दाबून राह्यलो. आपल्याला का त्याच्या लग्नात जेवायला जायचंय?"

"तुला दिसत न्हाई का पण?"

"दिसतंय की. म्हणून तर बघतच न्हाई. नियम लावतो अन् फुडं." त्यानं हे हसत सांगितलं, पण त्या दिवसांत तो मांडीवर थाप मारेनासा झाला होता. पूर्वी तो चुकीचे मार्क द्यायचा, पण खेळ बघून द्यायचा.

रविवारी गावी गेले. आई चुलीपुढं होती, बाबा सोप्यात फवारणीच्या पंपाचा नोझल साफ करत होते. मी सगळं सांगितलं. बाबांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग म्हणाले, "तो पोरगा तुला वळखतो का?"

"न्हाई."

"त्याला कळंल का, तू त्याच्यासाठी भांडली म्हणून?"

"न्हाई, बाबा. कधीच न्हाई."

"मंग कोनासाठी करून राह्यली तू हे?"

आतून आई म्हणाली, "खोटं बोलायला लावून राह्यले तिला, अन् काय! शिकायला धाडली का खोटं बोलायला?"

"तसं खोटं न्हाई आई ते. नियम हाय त्यायचा."

"तुला दिसलं येक अन् तू लिव्हणार दुसरं. त्याला आमच्यात काय म्हणतेत?"

बाबा नोझलमधून फुंकर मारून बघत होते. म्हणाले, "अंबादासला आता काय सांगू मी?"

"सांगा, गणित बराबर आलं म्हणून पेपर काढून घेतला."

बाबा हसले नाहीत. पण पंप खाली ठेवून म्हणाले, "दुपारच्या पाळीला जाऊ नको मातर. कालेज सोडायचं न्हाई." आमच्या घरात एवढ्यावर निर्णय होतात.

आता मी एमआयडीसीत एका बियाणं कारखान्यात उगवण तपासते. ओल्या कागदावर बिया मांडायच्या, काही दिवसांनी उघडून बघायचं. सकाळचं काम आहे, कॉलेज सांभाळून होतं. बी उगवतं किंवा उगवत नाही. क्वचित एखादा कोंब वाकडा निघाला तर थोडी चर्चा होते, तेवढीच. काम चांगलं आहे. पण कधी कधी दोन माणसं एकाच पडद्यापुढं उभी राहून "मोकळा व्हता!", "नव्हता!" म्हणून भांडायची, त्याची आठवण येते. एखादं काम आपल्याला येतं हे माहीत असणं आणि ते काम आपल्याकडं नसणं, याची सवय व्हायला वेळ लागतो. मला अजून झालेली नाही, आणि खरं सांगायचं तर मी ती करूनही घेतलेली नाही. कोणी विचारलं, काय काम करायची, तर मी अजूनही सांगते की परीक्षक होते. "कशाची?" विचारलं तर सगळा खेळ सांगत बसते. ऐकणारा कंटाळला तरी थांबत नाही.

शेवटचा दिवस सांगते. सोमवारी सकाळी मी पवनभैयांना म्हणाले, "दोन्ही वाटा नको. मी निघते. पण टिटवीचे मार्क माझ्या क्रमांकानं बदलायचे न्हाईत. ज्याला बदलायचेत त्यानं सामना बघावा अन् आपल्या क्रमांकानं बदलावा."

"अरे, कोण बसेल इतका वेळ? सगळ्यायकडं काम आहे."

"ते मला माहीत न्हाई, भैया. माझा क्रमांक माझा आहे."

मला वाटलं होतं ते ओरडतील. ते नुसते खुर्चीत मागं रेलले. आमच्या पवनभैयांमध्ये एक गोष्ट आहे. खाली दुकानात मापात कापड कमी जाऊ नये म्हणून त्यांचे वडील आजही गज स्वतः धरतात. त्याच घरातले ते. उठले आणि म्हणाले, "चल. मी बसतो."

माझ्या खुर्चीवर बसून त्यांनी आपला क्रमांक टाकला. कार्यालय सुरू केल्यापासून पवनभैयांनी एकही सामना पूर्ण बघितला नव्हता. गिऱ्हाईक, पगार, वीज, इंटरनेट, यातच त्यांचा दिवस जायचा. मी पिशवी भरत बाजूला उभी राहिले. सोपान आणि आणखी दोघं आपली कामं सोडून मागं आले.

पहिली चाल. टिटवीनं फेकला, झेलला गेला. भैयांनी मला विचारून शून्य दिलं.

दुसरी. भिंत शाबूत. टिटवी उभा. एका बाजूला बघितलं, तिथं गडी धरलेला. मध्ये बघितलं, धरलेला. लांब बघितलं, तिथंही दोघं चिकटलेले. भिंत हळूहळू मागं सरकत होती, पण फुटली नव्हती. उजवीकडं मैदान रिकामं पडलं होतं.

"अरे, खडा क्या है!" पवनभैया म्हणाले.

टिटवी अजून बघतच होता.

"भाग ना! अबे भाग!" भैया खुर्चीतून अर्धे उठले होते. "जल्दी!"

टिटवी निघाला. मान वर, दोन पावलं, थबकला, पुन्हा बघितलं, मग सुटला आणि दहा यार्डांची रेघ ओलांडून स्वतःच बाहेर गेला. भैयांनी टेबलावर इतक्या जोरात हात मारला की माझी पाण्याची बाटली पडली. मागं सोपाननं मांडीवर थाप मारली. कितीतरी दिवसांनी.

पडद्यावर मार्काचा रकाना उघडून वाट बघत होता. भैयांनी एकदा भिंतीकडं बघितलं. ती शाबूत होती. माझ्याकडं बघितलं नाही. वजा एक दाबलं.

"नियम आहे," ते म्हणाले.

मी बाटली उचलून पिशवीत टाकली. मी म्हणाले, "भैया, 'भाग' तुम्हीच म्हणाले. त्यानं ऐकलं, एवढाच त्याचा गुन्हा."

आणि जिना उतरून खाली आले.